दुपारची वीज स्वस्त झाली, पण किती?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना घड्याळाप्रमाणे बदलणारा वीजदर नवा नाही. महावितरणच्या औद्योगिक दरपत्रकात कित्येक वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपयाची सूट असे. सकाळी नऊ ते बारा ८० पैसे जादा आणि संध्याकाळी सहा ते दहा १ रुपया १० पैसे जादा. म्हणून भट्ट्या रात्री लागत आणि पहाटेपर्यंत ओतकाम चाले. ‘वीज रात्री स्वस्त असते’ ही समजूत तिथूनच पसरली असावी. ती इतकी मुरली की आजही कित्येक घरांत वॉशिंग मशीन मुद्दाम रात्री अकराला लावतात. खरं तर घरगुती ग्राहकाला ही रात्रीची सूट कधी नव्हतीच. रात्री अकराला धुतलेले कपडे त्याच दरात धुतले जात होते, फक्त शेजाऱ्यांची झोपमोड होत होती.

आता घरगुती ग्राहकालाही घड्याळाचा दर आला आहे, आणि तो नेमका उलटा आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट मीटर आहे, त्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत लागू झाली. पुढच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने एक रुपयाच्या आसपास नेण्याचं ठरलं. दरआदेश बदलतात, त्यांना आव्हानं दिली जातात, म्हणून आजचा नेमका आकडा आपापल्या ताज्या बिलावरच पाहावा. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचे ग्राहक असाल तर तुमचं दरपत्रक वेगळं आहे. हिशेबाची रीत मात्र सगळीकडे सारखीच, आणि या लेखात ती रीतच सांगायची आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना अपेक्षा जमिनीवर राहतील. या सवलतीने तुमचं बिल निम्मं होणार नाही. साध्या मध्यमवर्गीय घराला महिन्याला पन्नास-शंभर रुपयांचा फरक पडेल. तो सोडायचा नाही हे खरं, पण त्यासाठी घराचं वेळापत्रक उलटंपालटं करायचं का, हे आकडे पाहून ठरवावं.

दुपारच का?

वीज साठवणं महाग पडतं, त्यामुळे ती ज्या क्षणी लागते त्याच क्षणी बहुतेक तयार करावी लागते. पूर्वी कोळशाची केंद्रं रात्री अडचणीत यायची. मागणी उतरायची, पण बॉयलर काही संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. तेव्हा रात्रीच्या विजेला गिऱ्हाईक हवं असायचं, म्हणून कारखान्यांना सूट. अकोले तालुक्यातल्या घाटघरचं २५० मेगावॉटचं उदंचन जलविद्युत केंद्र याच हिशेबावर उभं राहिलं. मागणी नसेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. पाणी वर चढवायला जेवढी वीज जाते तेवढी ते खाली येताना परत मिळत नाही, तरी व्यवहार परवडतो. कारण मागणीच्या वेळेचं एक युनिट पडत्या वेळेच्या एका युनिटाहून कितीतरी मोलाचं असतं.

सौरऊर्जा आली आणि गणित फिरलं. आता पडती वेळ दुपारची झाली. सकाळी नऊनंतर सौर प्रकल्पांची वीज चढू लागते, दुपारी भरभरून येते आणि पाचच्या सुमाराला उतरणीला लागते. नेमकं तेव्हाच माणसं घरी येतात. दिवे, पंखे, टीव्ही, एसी, मिक्सर, सगळं एकदम सुरू होतं आणि सौरऊर्जा तर गेलेली असते. ही खिंड लढवायला आपल्याकडे कोयना आहे. १,९६० मेगावॉटचं हे केंद्र काही मिनिटांत भार उचलतं. पण तिथून पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी, एवढीच मुभा. ते पाणी दुपारी कशाला घालवायचं? उरलेली गरज महागड्या विजेने भागवावी लागते. वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव निराळा. दुपारच्या तुकड्यांचा भाव खूप खाली येतो. संध्याकाळी उशिराचा कधी कधी युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो.

वेळेची ही किंमत शेतकऱ्याने आपल्याआधी मोजली आहे, आणि पैशांत नव्हे. कृषिपंपाला आलटून पालटून रात्रीची वीज मिळायची, म्हणून थंडीत, साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या भीतीत बारे द्यायला रात्री बांधावर जावं लागायचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर प्रकल्प उभारून पंपांना दिवसा वीज देण्याचं काम चालू आहे ते यासाठीच. दुपारी वीज आहे, तर दुपारीच वापरा. घरच्या ८० पैशांमागेही हाच विचार आहे.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली, तेव्हा हा विचार नियम म्हणून आला. कृषी ग्राहक वगळून इतर सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पर्यंत वेळेनुसार दर लावावा, सौर तासांतला दर नेहमीच्या दराहून किमान २० टक्के कमी असावा आणि गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकालाही किमान १० टक्के जादा लावावा, असं तो नियम म्हणतो. प्रत्यक्ष दर राज्याचा आयोग ठरवतो. केरळने महिन्याला २५० युनिटांपुढच्या घरांना दिवसा १० टक्के सूट दिली, पण संध्याकाळी सहा ते दहा २५ टक्के जादा लावले. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला मात्र दिवसाची सवलत मिळाली, संध्याकाळचा अधिभार लागला नाही. उद्याही असंच राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. गर्दीच्या तासांचा अधिभार नियमात लिहिलेलाच आहे, म्हणून आपला संध्याकाळचा वापर किती हे आजच माहीत असलेलं बरं.

बिलावर नेमकं काय घडतं

घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क असतं. वीज आकार टप्प्यांनी चढतो: पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग पुढे. पहिल्या टप्प्यात वीज आणि वहन आकार मिळून युनिट सहा रुपयांच्या आत पडतं, तर दुसऱ्या टप्प्यात साधारण अकरा रुपयांना. तिसऱ्यात ते आणखी चढतं.

वेळेची सवलत हे टप्पे मोडत नाही. महिन्याची सगळी युनिटं आधी टप्प्यांप्रमाणे मोजली जातात आणि मग नऊ ते पाचमधल्या युनिटांवर ८० पैशांची वजावट मिळते. इथेच बहुतेकांची गफलत होते. दुपारी वीज ‘स्वस्त’ म्हणून एसी तासभर जास्त चालवला, तर दुसऱ्या टप्प्यातल्या घराला ते जादा युनिट अकराऐवजी सव्वादहाला पडलं, एवढंच. वाचलेले ८० पैसे दिसतात, खर्च झालेले सव्वादहा दिसत नाहीत.

महिन्याला २५० युनिटं वापरणारं चौघांचं एक घर घेऊ. मोठा खटाटोप करून या घराने जे जे हलवता येईल ते दुपारी नेलं. दिवसाआड थंड पाण्यावर चालणारं वॉशिंग मशीन, महिन्याला पाच-सहा युनिटं. रोज अर्धा तास चालणारा एक अश्वशक्तीचा पंप, सुमारे १५. इस्त्री, सहा. रोज पंचवीस किलोमीटर धावणारी ई-स्कूटर, चार्जिंगमधली गळती धरून २५. एकूण बावन्न युनिटं. ८० पैशांनी गुणा, बेचाळीस रुपये होतात.

आता त्याच घरातला एक जुना पंखा पाहा. तो ७५ वॉट खातो. त्याच्या जागी २८-३० वॉटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो दिवसाला दहा तास फिरला, तर महिन्याला साडेतेरा युनिटं वाचतात. दुसऱ्या टप्प्याच्या दराने ते जवळजवळ दीडशे रुपये, आणि त्यावरचं शुल्क वाचलं ते वेगळं. एक पंखा, तोही कुठल्याही वेळी फिरणारा, चार उपकरणांच्या वेळा बदलण्यापेक्षा तिपटीहून अधिक देऊन जातो. एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं की त्याची वीज सुमारे ६ टक्के कमी लागते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. त्यालाही घड्याळ लागत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी युनिट कमी करा, मग उरलेल्या युनिटाची वेळ पाहा. बिल शंभर किंवा तीनशे युनिटांच्या उंबरठ्यावर असेल तर हा क्रम अजिबात चुकवू नका.

काय हलवावं, काय हलवू नये

काही घरांना काहीच न करता सवलत मिळते. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलर सकाळी दहापासून सुरू असतो, त्याची बहुतेक युनिटं आपोआप नऊ ते पाचच्या खिडकीत बसतात. घरी निवृत्त माणसं असतील, घरून काम चालत असेल, कुणाचं शिवणकाम किंवा पापड-लोणच्यांचं काम असेल, तर त्यांनाही तसंच. फ्रिज चोवीस तास चालतो, म्हणून त्याच्या तिसऱ्या हिश्शाला सूट मिळतेच. दोघंही सकाळी आठला बाहेर पडून सातला परतणाऱ्या घराला मात्र रोजच्या दिवसात फार काही हाती लागत नाही. त्यांनी रविवारची दुपार धरावी. धुणं, इस्त्री, घरघंटीवरचं आठवड्याचं दळण, डोशाचं वाटण हे सगळं त्या दिवशी पाचच्या आत उरकतं.

वॉशिंग मशीनला उशिरा सुरू होण्याची सोय असते, ती वापरून कामावर जाण्यापूर्वी दहाची वेळ लावता येते. मला स्वतःला घरात कुणी नसताना मशीन चालवणं पटत नाही. नळी निसटली तर खालच्या मजल्याच्या छताचा खर्च ८० पैशांच्या सवलतीतून पुढच्या पिढीपर्यंत फिटायचा नाही. शिवाय थंड पाण्यात धुतलं तर मशीन फारशी वीज खातच नाही. गरम पाण्याचा पर्याय लावला की एका धुलाईला एक युनिटापर्यंत जातं. तो पर्याय बंद ठेवणं हीच मोठी बचत.

गीझरबद्दल हमखास विचारलं जातं. सकाळी सहा-सातला अंघोळ करणाऱ्या घरात गीझर दुपारी लावून काही साधत नाही. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.६ युनिट लागतं. दुपारी तापवून दुसऱ्या सकाळपर्यंत टिकवायचं म्हटलं तर टाकीतून उष्णता गळत राहते आणि सकाळी परत तापवावं लागतं. गीझरची बचत वेगळीकडे आहे: अंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं लावा, शेवटच्या माणसानंतर बंद करा आणि तापमानाची खुंटी शेवटपर्यंत फिरवू नका. घरात म्हातारी माणसं असतील आणि ती दहानंतर अंघोळ करत असतील, तर ती आपली आपण सवलतीत आहेतच.

स्वयंपाकाच्या वेळा विजेसाठी बदलू नयेत. इंडक्शन शेगडीवर संध्याकाळचा भात शिजतो तो संध्याकाळीच शिजू द्या. दुपारी शिजवून रात्री गरम करायला पुन्हा वीज लागतेच. कडधान्यं उकडून ठेवणं, चटण्या वाटणं, भाजणीचं दळण ही कामं दुपारची आहेतच, ती तिथेच राहू द्या.

एसीचं काय? खोली चार ते पाचमध्ये थंड करून ठेवायची आणि पाचला एसी बंद करायचा, असा सल्ला परदेशी लेखांत वाचायला मिळतो. तिथल्या बंदिस्त, उष्णतारोधक भिंतींच्या घरांत तो चालतो. आपल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता खाली सोडतो, पाचला केलेला गारवा सहापर्यंतही टिकत नाही. त्यापेक्षा गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग लावा, दुपारचे पडदे ओढून घ्या. याने संध्याकाळचीच युनिटं कमी होतात.

घरचा इन्व्हर्टर मोठा घेऊन दुपारी चार्ज करायचा आणि संध्याकाळी त्यावर घर चालवायचं, असा सल्ला एखादा विक्रेता देईल. नम्रपणे नाही म्हणा. शिसे-आम्लाच्या बॅटरीत भरलेल्या विजेतला मोठा वाटा परत येताना हरवतो, आणि बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते. ८० पैशांच्या फरकात तिची किंमत निघणार नाही.

ई-स्कूटरचं मात्र बघण्यासारखं आहे. ती दिवसा घरी असेल, मुलगी दुपारी कॉलेजमधून येत असेल, किंवा कामाच्या ठिकाणी चार्ज करायची सोय असेल, तर घरातली सगळ्यात मोठी हलवता येण्याजोगी युनिटं तीच. तिच्यासाठी अर्थिंग नीट असलेला १६ अँपिअरचा सॉकेट हवा. पाच अँपिअरच्या सॉकेटवरून वायर ओढून रात्रभर चार्जिंग लावण्याची सवय असेल, तर चार्जिंगची वेळ बदलण्याआधी ती सवय मोडा.

या सगळ्यात सर्वांत सोपा फायदा घरात नाही, सोसायटीत आहे. सामायिक मीटरवरचा पाच अश्वशक्तीचा पंप दिवसाला चार तास चालला तर पंधरा युनिटं होतात, महिन्याला साडेचारशे. ही सगळी युनिटं नऊ ते पाचमध्ये आणली तर महिन्याला ३६० रुपये वाचतात, आणि त्यासाठी एका माणसाच्याही दिनक्रमाला धक्का लागत नाही. महापालिकेचं पाणी पहाटे येवो की रात्री, ते जमिनीखालच्या टाकीत पडतं. तिथून गच्चीच्या टाकीत चढवायची वेळ आपल्या हातात असते. दुपारी साडेचारच्या आत गच्चीची टाकी भरून ठेवायची म्हणजे संध्याकाळ आणि पुढची सकाळ निभावते. गच्चीची टाकी लहान असेल तर पूर्ण युनिटं हलणार नाहीत, तरी अर्धी हलतील. पंप कोरडा चालू नये म्हणून बसवायचं संरक्षक यंत्र आणि एक साधा टायमर बसवा, वॉचमनच्या आठवणीवर विसंबू नका. पुढच्या सोसायटी सभेत पार्किंगच्या वादाआधी हा विषय घेतलात तर ठराव दोन मिनिटांत होईल.

सगळं एकदम लावू नका

नऊ वाजले की मशीन, पंप, इस्त्री, चार्जर सगळं एकदम सुरू, असं करू नका. स्मार्ट मीटर तुमचा सर्वाधिक भारही नोंदवतो. जुन्या जोडण्यांना मंजूर भार बरेचदा जेमतेम एक किलोवॉटचा असतो. पंप आणि इस्त्री एकत्र लावली की तो ओलांडला. नियम असा की आर्थिक वर्षात निदान तीनदा मंजूर भार ओलांडला गेला, तर त्या महिन्यांतला सर्वांत कमी आकडा धरून मंजूर भार वाढवता येतो. मीटर बसण्याआधीच्या काळासाठी मात्र नव्या मीटरमध्ये दिसलेल्या भारावरून दंड लावता येत नाही. कुणी तशी मागणी केली तर नियमाचा हवाला द्या.

स्मार्ट मीटरविषयी मनात अढी असणं समजण्यासारखं आहे. २०२४ मध्ये प्रीपेड मीटरच्या विरोधात राज्यभर आंदोलनं झाली आणि सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. आता महावितरण बसवत आहे त्या स्मार्ट मीटरला टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा) मीटर म्हणतात. बिल पूर्वीसारखंच महिन्याअखेर येतं. वेळेची सवलत मात्र या मीटरशिवाय मिळू शकत नाही, कारण जुना मीटर फक्त एकूण युनिटं मोजतो, ती कधी वापरली हे त्याला कळत नाही. छतावर सौर पॅनेल असतील तर नेट मीटरिंगचा हिशेब वेगळा चालतो. तिथे या लेखातली वजावट जशीच्या तशी लावू नका.

कॅलिफोर्नियात, ब्रिटनमध्ये मुलं-नातवंडं असतील तर त्यांच्या गप्पांतून हा विषय तुमच्या कानावर आला असेल. कॅलिफोर्नियात संध्याकाळी चार ते नऊ हे महागडे तास आहेत आणि फरक ८० पैशांचा नसून घसघशीत आहे, म्हणून तिथली मराठी घरं डिशवॉशर नऊनंतर लावतात. ब्रिटनमध्ये १९७८ पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाने रात्रीचे सात तास स्वस्त आहेत. तिथल्या सवयी इथे आणू नका. आपली स्वस्त वेळ दिवसाची आहे.

सवलत मिळते का, हे कसं पाहायचं

एक दिवस घालवून हे तपासा. मीटरवरचं बटण दाबलं की पडद्यावर एकामागून एक आकडे सरकतात: तारीख, वेळ, एकूण युनिटं आणि पुढे इतर नोंदी. आधी वेळ पाहा आणि मोबाइलच्या घड्याळाशी ताडा. मीटरचं घड्याळ पुढेमागे असेल तर सगळा हिशेबच सरकतो. मग सकाळी नऊला, संध्याकाळी पाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला एकूण युनिटांचा फोटो काढा. समजा आकडे ४३१२.६, ४३१५.१ आणि ४३२१.० असे आले. म्हणजे दिवसभराच्या ८.४ युनिटांतली अडीच सवलतीच्या वेळेत गेली. महिन्याला पंच्याहत्तर. बिलात सुमारे साठ रुपयांची वजावट दिसायला हवी. दहा-पंधरा रुपये इकडेतिकडे होतील, कारण सगळे दिवस सारखे नसतात. स्मार्ट मीटरचं वाचन दिवसातून निदान एकदा दुरून घेतलं जावं आणि ते ग्राहकाला पाहता यावं, असं नियम सांगतो. त्यामुळे वीज कंपनीच्या ॲपमधला रोजचा वापरही यासोबत ताडून घ्या.

वजावट शून्य दिसली, किंवा तुमच्या आकड्यापेक्षा फारच कमी दिसली, तर आधी बिलावर मीटरचा नवा क्रमांकच छापलेला आहे ना ते पाहा. मीटर बदललेल्या महिन्यात गोंधळ होण्याची शक्यता जास्त असते. मग १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या महावितरणच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा, बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. वाचन आणि वापर जुळत नाही अशी तक्रार असेल, तर वीजग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावायला हवा आणि किमान तीन महिने वापर ताडून पाहायला हवा. तो मागून घ्या, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उपविभागीय कार्यालयात दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, आणि तिथेही समाधान झालं नाही तर मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे. तीन वेळांचे ते तीन फोटो अर्जाला जोडायला विसरू नका.